भुतांच्या पानाची दुरुस्ती

दौंड स्टेशनच्या ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा मला एका जागी बसवायचं नाही. खुर्चीत कुणी टाचण्या पेरल्यात की काय असं व्हायचं. खिडकीबाहेर दिवसभर गाड्या यायच्या, इंजिनं पाणी भरून घ्यायची, कुणी मनमाडकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी पुण्याकडे निघायचं. मी मात्र तिथंच बसून खळ लावत असे. ही थट्टा नाही, माझं कामच ते होतं. रेल्वेत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं आणि वरच्या ऑफिसातून मधूनमधून छापील चिठोऱ्या येतात. अमक्या पानावरचा अमका नियम रद्द, त्याजागी हा वाचावा. त्याला करेक्शन स्लिप म्हणतात. ज्यानं त्यानं आपल्या पुस्तकात ती चिकटवून घ्यायची असते, पण गार्ड लोक आपापली पुस्तकं माझ्या टेबलावर आणून टाकत आणि चहा प्यायला जात. मग मी भाताच्या खळीनं जुने नियम झाकायची.

वडील याच यार्डात पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. ते तापानं गेले आणि त्यांच्या जागी मला क्लार्क म्हणून घेतलं. दहावी झालेली मुलगी, वय विशीच्या आत-बाहेर. आई म्हणायची, "पायाला भिंगरी हाय तुझ्या. लग्न झालं म्हंजी निघंल." मला लग्न नको होतं. काय हवं होतं तेही सांगता येत नव्हतं, आणि त्याचाच राग यायचा. जेवणाच्या सुट्टीत मी प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची. हमाल हसायचे. हसू देत, म्हणायची.

त्या दिवसांत एक गार्ड आपलं पुस्तक घेऊन आले. आम्ही त्यांना गार्डमामा म्हणायचो. मूळचे शिरूरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या आजोबांनी तिथंच बाप्तिस्मा घेतला होता. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी अगदी लहान होते. आमचं गाव कोरेगाव भीमा. नदीकाठच्या ज्या दगडी खांबावर लढाईतल्या शिपायांची नावं कोरली आहेत, त्याच्या सावलीत बसून मी गाभुळलेल्या चिंचा खाल्ल्या आहेत. गार्डमामांचे आजोबा आणि माझे आजोबा गावाबाहेरच्या एकाच तऱ्हेच्या वस्तीतून निघाले होते. एक त्या रस्त्यानं गेले, एक या. हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. पण त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

नियमांच्या जाड पुस्तकाखाली त्यांनी आणखी एक पुस्तक ठेवलं होतं. पातळ, मधोमध दोन पिना मारलेलं, वर एका शिंगवाल्या राक्षसाचं चित्र. "हे बी बघ जरा," म्हणाले. "माझी बहीण विलायतेत नर्स हाय ना, तिच्या नवऱ्याला ह्याचा नाद. मला धाडलंय."

मी उघडलं आणि दुपारची गाडी कधी येऊन गेली ते मला कळलं नाही. ते लढाईच्या खेळाचं पुस्तक होतं. टेबलावर बोटाएवढे शिपाई मांडायचे, पट्टीनं मोजून पुढं न्यायचे, फासे टाकून लढवायचे. आणि शिपाई माणसं नव्हेत. उंच, गोरे, कधी न मरणारे वनवासी लोक, दाढीवाले बुटके, राक्षस, आणि हिरवट तोंडाची एक किरकोळ जमात. एकेका फौजेला एकेक पान. तिच्यात कोण असावं, ते किती इंच चालावं, त्यांचा एक जण दुसऱ्यांच्या किती जणांना भारी, आणि ते किती धीट. सगळं आकड्यांत बांधलेलं. माझ्यासारख्या खळ लावणारीला नियमांचं पुस्तक वाचून हसू फुटावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

खेळायला तिघं जमलो. गार्डमामा, मी, आणि असिस्टंट स्टेशन मास्तर, ज्यांना सगळे छोटे मास्तर म्हणत. छोटे मास्तर पुण्याचे, बी.ए. झालेले, इंग्रजी फर्डं. मनानं चांगला माणूस. मला 'तुम्ही' म्हणणारे ऑफिसातले ते एकटेच. नावं मराठीत त्यांनीच आणली. गोरे वनवासी म्हणजे यक्ष, दाढीवाले ते बुटके, आणि हिरवट जमात म्हणजे भुतं. त्यांना आधी त्या फौजेचं नाव 'मुंजे' ठेवायचं होतं. मी म्हटलं, मुंजा पिंपळावर राहतो, गळ्यात जानवं असतं त्याच्या. तो कशाला कुणाच्या फौजेत प्यादं म्हणून येतोय? आपल्याकडं भुतांनाही जात असते, मास्तर. ते मोकळेपणानं हसले. त्यांना ते फार आवडलं, आणि पुढं ते चार ठिकाणी सांगितलंसुद्धा त्यांनी.

शिपाई मिळेनात. विलायतेत ते शिशाचे मिळतात म्हणे, आपल्याकडं दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे तेवढे. गार्डमामा म्हणाले, शिरूरला आमच्या वळखीचे आप्पा कुंभार हायेत, त्यांना सांगू. मग एका रविवारी चर्च उरकून मामा, मामी आणि मी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं शिरूरला गेलो. मामी तिथल्याच, दौंडच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवऱ्याच्या नादाला नाकं मुरडायच्या, पण खाऊचा डबा त्यांच्याच पिशवीत असायचा.

घोडनदीच्या बाजूला कुंभारांच्या दारात पणत्यांचे ढीग वाळत पडले होते. यक्ष त्यांना लगेच समजले. मावळाच, पण पागोट्याशिवाय आणि लांब कानांचा. बुटकेही जमले. भुतांपाशी आप्पांनी हात थांबवला.

"भुतं म्हंजी कसली?" त्यांनी विचारलं.

"कसली म्हंजी, भुतंच की," मामा म्हणाले. "लहान, वाकडी."

"पाय उलटं करायचं का मग?"

मामांनी पुस्तक उघडून चित्र पाहिलं. चित्रात पाय बुटांत होते. "करा," ते म्हणाले.

त्यामुळे आमची भुतं जगातल्या सगळ्या भुतांपेक्षा वेगळी झाली. तोंड पुढं, पावलं मागं. पहिल्याच डावात भांडण लागलं. छोट्या मास्तरांनी आपले बुटके माझ्या भुतांच्या तोंडासमोर आणले आणि म्हणाले, हा पाठीमागून हल्ला, दुप्पट मार. मी म्हटलं, तोंड बघा की. ते म्हणाले, पाय बघा. गार्डमामांनी डोळे मिटून विचार केला आणि निवाडा दिला, "गाडीचं तोंड म्हंजी इंजिन. डबं कुठल्या बाजूला ढकलत नेताय ते नंतर." म्हणजे ज्या बाजूला तोंड, ती पुढची बाजू. छोट्या मास्तरांनी ते मान्य केलं आणि मामी आतून म्हणाल्या, देवा, ह्यांना शाणपण दे.

डाव शनिवारी, मामांची ड्यूटी नसेल तेव्हा, त्यांच्या क्वार्टरमध्ये. जेवणाचं टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीखाली विटा घालून केलेल्या टेकड्या. इंचांसाठी मामींची शिवणाची टेप. फासे सापशिडीतले. फौजा मामांच्या जुन्या लाइन बॉक्समध्ये, म्हणजे गार्डच्या सामानाच्या पेटीत, वेगवेगळ्या खोक्यांत भुश्यात घालून ठेवायच्या. त्या टेबलापाशी मी दुपारभर बसून राहायची. एकदाही उठायची नाही. आईला खरं वाटेना. ती एकदा मुद्दाम दारातून बघून गेली.

आता मुद्द्यावर येते. पहिल्या दिवशी फौजा वाटल्या त्या अशा: मामांनी यक्ष घेतले, पुस्तक त्यांचं म्हणून. छोट्या मास्तरांनी बुटके घेतले, त्यांना दाढ्या आवडल्या म्हणून. उरली भुतं, ती माझी. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्या आलं.

भुतांच्या पानावर लिहिलं होतं की ही जमात जन्मतः भित्री आहे. एक यक्ष पाच भुतांना भारी. यक्ष चार इंचांच्या आत आले की भुतांनी फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडला तर थांबायचं, नाही तर मागं सरायचं. पुढारी मेला तर पुन्हा फासा. यक्षांना असला कुठलाच फासा नाही, कारण ते जन्मतः धीट. मी किती नीट मांडणी केली, किती डोकं लावलं, तरी चार इंचांवर यक्ष आले की माझी रांग टेपनं मोजून मागं जायची. माझी आई लहानपणी विहिरीपाशी किती लांब उभी राहायची ते तिनं मला दाखवलं होतं, अंगणात पावलं टाकून. कुणी पाणी घालेपर्यंत तिथंच. आणि आता दर शनिवारी मी स्वतःच्या हातानं टेप लावून भुतं मागं नेत होते.

मी हरत गेले. चिडत गेले. एकदा फासे इतक्या जोरात टाकले की एक मोरीत गेला. गार्डमामा हसून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी म्हटलं, "मामा, अंगण खरंच वाकडं हाय. बघा तरी वाकून."

सोमवारी ऑफिसात मी एक कोरा कागद घेतला आणि अगदी वरच्या ऑफिसच्या थाटात टाईप केलं. भुतांचे पान, परिच्छेद दुसरा: 'जन्मतः भित्री' हे शब्द रद्द. त्याजागी वाचावे: कोणत्याही फौजेचा पुढारी पडल्यास त्या फौजेने फासा टाकावा, मग ती कोणतीही असो; जी तुकडी एक लढाई टिकली ती पुढच्या लढाईत धीट समजावी. चार इंचांचा नियम आणि 'एक यक्ष पाच भुतांना भारी' हे दोन्ही रद्द. कागद बरोबर त्या परिच्छेदाच्या मापाचा कापला. माझा हात त्या कामात बसलेला होता.

शनिवारी तो मामांच्या पुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला आणि परत दिला.

"स्लिप कोण काढतं?" त्यांनी विचारलं.

"वरचं ऑफिस."

"मग? तू वरचं ऑफिस हायेस का? मी उद्या सिग्नलचा नियम मला पटंना म्हणून बदलला तर माणसं मरतील. पुस्तक म्हंजी पुस्तक."

"सिग्नलवर माणसं मरतात. इथं कोण मरतंय?"

छोटे मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, खेळ आहे. इतकं काय मनावर घेता?"

"खेळ हाय ना? मग बदला की."

मामांनी यक्ष मांडायला घेतले. एकेक यक्ष भुश्यातून काढून, फुंकर मारून, रांगेत. मामांचा हात त्या यक्षांवरून किती मायेनं फिरायचा, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि मला त्यांचा इतका राग आला की छोट्या मास्तरांचासुद्धा तेवढा कधी आला नव्हता. मास्तरांना कळत नव्हतं. मामांना कळत होतं. मी कागद पर्समध्ये टाकला आणि घरी गेले.

दोन शनिवार मी गेले नाही. पायाला पुन्हा भिंगरी. स्टेशनवरून नगर मोरीच्या पुलापर्यंत चालत जायची आणि परत यायची. आईनं शिरूरच्या एका स्थळाचा विषय काढला तर मी तिच्यावर ओरडले. खरं सांगायचं तर मला ते टेबल हवं होतं. दुसरीकडं कुठं मला बसल्या जागी बरं वाटत नव्हतं. पण तिथं बसायचं तर दर शनिवारी माझ्या हातानं मागं सरायचं, हेही नको होतं. दोन्हीतलं एक सोडावं लागणार होतं आणि ते माझ्याच्यानं सुटत नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी मामी स्वतः आल्या. "ये गं बाय," म्हणाल्या. "तू न्हाईस तर ते दोघं एकमेकांचं कौतुक करत बसत्यात. खेळ कसला त्यो."

मी म्हटलं, "मामी, येते. पण आज त्या कागदाचं काय ते झालं पायजे. न्हाई झालं तर मी पुन्हा यायची न्हाई."

मामींनी मान डोलावली. घरात शिरताना मामांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज आलीय. पुढं यायची का न्हाई ते तुमच्यावर हाय."

डाव पुस्तकाच्याच नियमानं सुरू झाला. भुतं दोन टेकड्यांच्या मधल्या खिंडीत दाटीवाटीनं उभी केली. मागं जायला जागाच ठेवली नाही, मुद्दाम. मामांचे यक्ष चार इंचांवर आले. मी फासा टाकला. सहा. दुसऱ्या तुकडीसाठी टाकला. पाच. मामांनी भुवया वर केल्या. यक्षांनी माझा वेताळ मारला, म्हणजे माझा पुढारी. मामींनी भाजी निवडायची थांबवली. मी फासा हातात घोळवला नाही, तोंडानं काही पुटपुटले नाही, नुसता टाकला. सहा पडला. भुतं जागची हलली नाहीत. पुढच्या फेरीत त्यांनी यक्षांचा सरदार घेरून पाडला. यक्षांना तर घाबरायचा नियमच नव्हता, म्हणून ते तिथंच उभे राहून एकेक करत मेले. शेवटचा यक्ष मामांनी स्वतःच उचलून आडवा ठेवला.

मी जिंकले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याखाली काहीतरी बोचत होतं, आणि ते काय ते छोट्या मास्तरांनीच सांगून टाकलं.

"वा," ते अगदी मनापासून म्हणाले. "मानलं तुमच्या भुतांना. ही काही त्यांच्यातली वाटतच नाहीत हो." मग मामांकडे वळून, "बघा, त्या कागदाची गरजच नव्हती. ज्यांच्यात दम असतो ते आहे त्या नियमातही वर येतात."

मी मामांकडे पाहिलं. ते आडव्या यक्षाकडे बघत होते. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. शिरूरच्या शाळेत, रेल्वेच्या मुलाखतीत, बढतीच्या पार्टीत, कुठं कुठं कौतुक म्हणून ऐकलं असेल, मला काय ठाऊक. मी नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात ऐकलं होतं.

"स्लिप आणलीय का गं?" मामांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी पर्समधून कागद काढला. मामींनी न सांगता स्वयंपाकघरातून भात आणला. मामांनी शितं बोटानं कुस्करली, भुतांचं पान उघडलं, खळ लावली आणि कागद परिच्छेदावर बसवला. मग अंगठ्यानं मधून बाहेर दाबत नेला, मी ऑफिसात करते तसा. फुगा राहू दिला नाही. खाली पेननं सही केली आणि सहीपुढं लिहिलं, गार्ड, दौंड.

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होता, वरचं ऑफिस..." छोटे मास्तर गोंधळले होते. "मी काही वाईट बोललो का? मी कौतुकच केलं."

"न्हाई मास्तर, वाईट कुठं," मामा म्हणाले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि भुतांचा खोका टेबलावरून छोट्या मास्तरांपुढं सरकवला. "आता समदी सारखी झाली. पुढच्या शनवारी भुतं तुमी घ्या."

छोट्या मास्तरांनी खोक्यात पाहिलं. हिरवट तोंडं, उलटे पाय, कुणाचा हात तुटलेला. आता पुस्तकात ती यक्षांपेक्षा तसूभरही कमी नव्हती, आमच्या डोळ्यांदेखत शाई वाळत होती. ते हसले, छान मोकळं हसले, नेहमीसारखे.

"नको नको," म्हणाले, "मला आपले माझे बुटकेच बरे."

मग मामांनीच खोक्याकडे हात नेला. त्यांच्या आधी मी तो ओढून घेतला.

"असू द्या मामा," मी म्हटलं. "माझी हायेत ती."